साइटवरची माती आणि पोर्टेबल कन्व्हेयर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात आणि आसपास माती वाहायचे सुटे कन्व्हेयर भाड्याने देतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि साइटवर चहा पिताना जे प्रश्न परत परत येतात, ते इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे असतात: पेठेतला वाडा पाडून इमारत बांधणारे, रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि छोटे ठेकेदार. मशीनला आम्ही कन्व्हेयर म्हटलंय आणि त्यावरच्या रबराला बेल्ट. साइटवर दोन्हीला बेल्टच म्हणतात, ते सोडून द्या.

१. हा कन्व्हेयर नेमकं काय करतो? माती खणतो पण का?

नाही, खणत नाही. खणायचं काम कुदळ, टिकाव, ब्रेकर किंवा मशीनचंच. कन्व्हेयर फक्त वाहतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, दोन टोकांना दोन ड्रम, त्यावर फिरणारा रबरी बेल्ट, खाली रोलर आणि एका ड्रमला मोटर, एवढाच संसार. खालच्या टोकाला हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेटीत माती टाकायची, वरच्या टोकाला ती गाडीत किंवा ढिगावर पडते. छोटे तुकडे चार माणसं उचलून बोळातून आत नेतात, मोठ्यांना चाकं असतात. पहिल्याच फोनला हे सांगतो, कारण ‘तुमचं मशीन खड्डा किती दिवसांत मारेल’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही.

२. आमच्याकडे बिगारी आहेत, घमेली आहेत. मग कन्व्हेयर कशाला?

काम चार-पाच ब्रासचं असेल तर खरंच कशाला? घमेलीच बरी. आमचा टेम्पो येऊन जोडणी होईपर्यंत तुमचं निम्मं काम उरकलेलं असेल.

मोठ्या कामाचा मात्र हिशोब करा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २८३० लिटर. भरलेल्या घमेल्यात साधारण बारा लिटर माती बसते, म्हणजे एका ब्रासला सव्वादोनशे-अडीचशे घमेली. सुटा मुरूम असेल तर प्रत्येक घमेलं अठरा-वीस किलोचं. साठ ब्रास काढायचे तर चौदा हजार घमेली डोक्यावरून शिडीने वर न्यायची. पहिल्या दिवशी साखळी छान चालते. तिसऱ्या दिवशी मुकादम ओरडायला लागतो, पाचव्या दिवशी निम्मी माणसं गावाला जातात.

३. जेसीबी आत जातो, तरी कन्व्हेयर लागेल का?

जेसीबी आत जाऊन, वळून, गाडी भरून बाहेर येत असेल तर आम्हाला फोन करू नका. त्याच्याशी आमची बरोबरी नाही. पण जेसीबीची रुंदी साडेसात फुटांच्या आसपास असते, आणि सदाशिव, नारायण, कसबा पेठेतले कित्येक बोळ त्याहून अरुंद आहेत. कोथरूड, एरंडवण्याच्या जुन्या सोसायट्यांत साइड मार्जिन दहा फूट दिसतं, पण त्यात चेंबर, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याची पार्किंग असते.

यात मधला एक मार्ग आहे आणि आम्हाला तोच सगळ्यात आवडतो. मिनी एक्स्कॅव्हेटर खड्ड्यात उतरवायचा, त्याने खणून थेट हॉपरमध्ये टाकायचं, आणि कन्व्हेयरने ते रस्त्यापर्यंत न्यायचं. खणणारं मशीन खड्ड्यातच राहतं, माती तेवढी बोळातून बाहेर येते.

४. दिवसाला किती ब्रास निघेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त फसवणुकीचाही. कॅटलॉगमधला आकडा बेल्टचा असतो, तुमच्या साइटचा नव्हे.

आधी बेल्टचा आकडा काढू. ३०० मिलिमीटर रुंद बेल्ट, वेग सेकंदाला अर्धा मीटर. त्यावर मातीची सलग ओळ २० सेंटिमीटर रुंद आणि मध्ये ६ सेंटिमीटर उंच धरली तर तासाला १०.८ घनमीटर होतात, म्हणजे पावणेचार ब्रासच्या थोडं वर. ऐकायला झकास.

आता हॉपरपाशी जा. सैल केलेली माती फावड्याने गुडघाभर उंचीच्या हॉपरमध्ये टाकणारा चांगला बिगारी दिवसभर टिकेल अशा गतीने तासाला एखादा घनमीटर टाकतो. हॉपरभोवती चार माणसं धड उभी राहतात. पाचवा आला की फावडी एकमेकांना लागतात. म्हणजे तासाला चार घनमीटर, दीड ब्रासही नाही. बेल्ट निम्म्याहून जास्त वेळ रिकामा फिरतो. मिनी एक्स्कॅव्हेटर टाकायला लागला की तोच बेल्ट तासाला तीन ब्रास देतो.

मग वरच्या टोकाला जा. तिथे गाडी नसेल तर बेल्ट थांबतो आणि खाली खड्ड्यात सगळे तंबाखू मळत बसतात. कन्व्हेयरचा वेग त्याच्या दोन टोकांवर ठरतो. मधला रबर क्वचितच अडवतो. जास्त एचपीची मोटर मागण्याआधी एक गाडी वाढवता येते का ते बघा.

एक उदाहरण. खड्डा ३० फूट बाय २० फूट, खोली ८ फूट. जागेवरचं माप ४८०० घनफूट, म्हणजे ४८ ब्रास. पण खणलेली माती फुगते. मुरमाला साधारण पाव हिस्सा वाढ धरा, ६० ब्रास झाले. फोडलेला कातळ त्याहून बराच फुगतो. दिवसात बेल्ट खरा चालतो सहा तास, बाकी वेळ गाडीची वाट, जेवण आणि साफसफाईत जातो. हाताने भरलं तर सात-आठ दिवस, मिनी मशीनने भरलं तर साडेतीन-चार दिवस. सुट्या मुरमाचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. सहाचाकी टिपरमध्ये दोन ब्रास धरले तर तीस खेपा. एका खेपेला जाऊन-येऊन दीड तास लागत असेल तर एकट्या गाडीला ४५ तास हवेत. मिनी मशीन लावून गाडी एकच ठेवलीत, तर मशीनचं भाडं वाया गेलं.

५. किती लांबीचा कन्व्हेयर लागेल?

‘खड्डा आठ फूट आहे, दहा फुटी पाठवा’ असा फोन आठवड्यातून एकदा येतो. कन्व्हेयर शिडीसारखा उभा लावत नाहीत. साध्या बेल्टवर माती साधारण २० अंशांपर्यंत वर चढते, त्यापुढे घसरायला लागते. त्या चढाला तीन फूट लांबीमागे एक फूट उंची मिळते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. क्लीटवाला बेल्ट, म्हणजे ज्यावर आडव्या रबरी पट्ट्या असतात तो, ३० अंशांवर लावता येतो. तिथे दोन फुटांमागे एक फूट.

दुसरी चूक म्हणजे फक्त खड्ड्याची खोली मोजणं. माती रस्त्यावर नाही, गाडीत पडायची आहे. टिपरचा फाळका आणि वरची मोकळी जागा धरून रस्त्यापासून नऊ फूट लागतात. आठ अधिक नऊ, सतरा फूट चढ. एकाच साध्या बेल्टने करायचं तर ५१ फूट लांबी हवी, आणि ती सरळ रेषेत. पेठेत पन्नास फूट सरळ रेषा सापडली तर आम्हाला फोटो पाठवा.

म्हणून तुकडे करतो. खड्ड्यातून वर यायला वीस फुटी क्लीटवाला, बोळातून जवळजवळ आडवा असा साधा बेल्ट, आणि गाडीपाशी पुन्हा चढाचा. बोळ जिथे वळतो तिथे एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीवर आणायचं. खालच्याचं टोक वरच्याच्या हॉपरवर फूटभर आत यायला हवं आणि मातीची उडी शक्य तितकी छोटी ठेवायची. उडी मोठी झाली की जोडावर माती सांडते, आणि दिवसभर एक माणूस ती गोळा करण्यातच जातो.

तीन कन्व्हेयर मालिकेत असतील तर सुरू करताना गाडीजवळचा आधी, खड्ड्यातला शेवटी. बंद करताना उलट: खड्ड्यातला आधी. हा क्रम चुकला की मधल्या जोडावर मिनिटभरात ढीग होतो आणि त्याखाली ड्रम गाडला जातो.

६. क्लीटवाला बेल्ट जास्त चढतो, मग सगळीकडे तोच का देत नाही?

कारण तो साफ होत नाही. साध्या बेल्टला खालून स्क्रेपर, म्हणजे माती खरवडणारी पट्टी लावता येते, क्लीटला नाही. पट्ट्यांच्या कोपऱ्यात चिकट माती बसते आणि परतीच्या फेरीत रस्ताभर गळते. कोरडा मुरूम, वाळू, खडी असेल तर क्लीट उत्तम. काळी माती असेल तर शक्यतो साधा बेल्ट आणि कमी चढ, भले एक तुकडा जास्त लागो (पुढचा तपशील प्रश्न ९ मध्ये).

७. घरगुती लाइटवर चालेल का?

दहा-वीस फुटी तुकड्याची १ ते २ एचपीची मोटर सिंगल फेजवर चालते. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना दहा अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट वगैरे. लोक तिथेच अडकतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दीड स्क्वेअर एमएमची ५० मीटर वायर खाली सोडतात. चालू मोटरला या वायरमध्ये बारा व्होल्ट पडतात, त्याने काही बिघडत नाही. सुरू होताना साठ पडतात आणि मोटर नुसती गुरगुरते. मग आम्हाला फोन येतो, ‘मोटर खराब पाठवली.’ चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, तोच आकडा तेवीसवर येतो.

मोठ्या लांबीला थ्री फेज हवं. साइटला महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन असेल तर उत्तम. जनरेटर घेणार असाल तर सुरुवातीचा झटका धरून मोठा घ्या: २ एचपीला ५ केव्हीए. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) यांत सूट नाही. खड्ड्यात ओल असते, चौकट लोखंडी असते, माणसं अनवाणी असतात. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडलेली साइट दिसली की आम्ही कन्व्हेयर परत गाडीत चढवतो. यावर एकदा भांडणही झालंय.

८. किती माणसं लागतील? कन्व्हेयर आला की बिगारी कमी करता येतील ना?

वाहणारे कमी होतात, भरणारे नाही. हाताने भरायचं तर हॉपरला चार, गाडीत माती पसरायला एक, जोडांवर सांडलेलं बघायला एक, आणि स्विचजवळ एक. त्या स्विचवाल्याला दुसरं काम देऊ नका. ‘जरा पाणी आण’ म्हणून त्यालाच पाठवतात आणि नेमका तेव्हाच बेल्ट अडकतो.

९. आमच्याकडे काळी माती आहे. चालेल?

चालेल, पण मुरमासारखी नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावात एका प्लॉटवर आम्ही हे पुरेपूर शिकलो. वरचे पाच फूट काळी माती, आदल्या रात्री वळवाचा पाऊस. सकाळी साडेआठला सुरू केलं, तासभर सुरेख चाललं. मग बेल्ट डावीकडे सरकायला लागला. ताण सारखा केला, पुन्हा सरकला. शेवटी बंद करून खाली वाकून बघितलं. परतीच्या रोलरवर काळ्या मातीची भाकरी थापल्यासारखी जाड वळी बसलेली, डाव्या टोकाला दोन बोटं आणि उजवीकडे काहीच नाही. रोलर गोल राहिलाच नव्हता, गाजर झाला होता. बेल्ट बिचारा काय करणार?

काळी माती ओली झाली की रबराला चिकटते, ड्रमवरून पडायच्या ऐवजी बेल्टबरोबर खाली फिरते आणि परतीच्या रोलरवर थर देते. त्यावर आम्ही हे करतो. पुढच्या ड्रमखाली स्क्रेपर लावतो आणि दर दोन तासांनी त्याची धार तपासतो. सकाळी सुरुवातीला पाच मिनिटं नुसती कोरडी डस्ट किंवा मुरूम फिरवतो, त्याने बेल्टला अस्तर बसतं. एकदम ढेकळं न टाकता काळी माती आणि मुरूम आलटून पालटून भरतो. आणि धूळ बसावी म्हणून पाणी मारायचं नाही. मुरमावर पाणी शिंपडणं ठीक, काळ्या मातीवर ती स्वतःहून केलेली शिक्षा.

थर काढायचा तर कन्व्हेयर बंद करून, प्लग काढून, लाकडी फळीने. चालू बेल्टला खालून सळई लावून खरवडणारे आम्ही पाहिलेत. त्याबद्दल प्रश्न १३ वाचा.

१०. पावसाळ्यात काम करता येईल का?

जून ते सप्टेंबर आम्ही स्वतः कमी कामं घेतो. मशीन भिजतं म्हणून नाही, मोटरवर झाकण असतं. पण ओला बेल्ट आणि ओली माती यांच्यात पकड राहत नाही. २० अंशांवर चढणारी माती पावसात पंधरावरच घसरते, म्हणजे लांबीचं गणित (प्रश्न ५) पुन्हा मांडावं लागतं. ड्रमही आतून घसरतो, मोटर फिरते पण बेल्ट उभा. त्यात खड्ड्याच्या कडा ढासळायची भीती. मुरमात श्रावणातल्या उघडिपीत काम होतं. काळ्या मातीत दसऱ्यापर्यंत थांबा.

११. दगड, विटा, राडारोडा टाकला तर?

मापात असेल तर चालतो. ढोबळ नियम असा की सगळ्यात मोठा तुकडा बेल्टच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. ३०० मिलिमीटरच्या बेल्टला चार इंच. हॉपरवर चार इंची जाळी बसवून देतो, ती कृपा करून काढू नका. नारळाएवढा दगड चढावर अर्ध्यातून परत गडगडत येतो आणि खाली भरणाऱ्याच्या नडगीवर बसतो.

वाड्याच्या जागी खणताना कौलं, विटा, लाकडाचे तुकडे, क्वचित गंजलेली सळई निघते. सळईच खरी शत्रू. ती चौकटीत अडकली की बेल्ट लांबीत चिरतो, आणि तो चीर सांधत बसण्यापेक्षा नवा घालावा लागतो. राडारोडा आणि स्वच्छ माती वेगळी ठेवा. राडारोड्यासाठी महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, स्वच्छ मुरूम मात्र भरावाला कोणीही घेतं. एकत्र केलात तर मुरमाचीही किंमत जाते. नदीपात्रात टाकायचा विचार करणाऱ्यांना आम्ही मशीन देत नाही.

१२. बेल्ट सारखा एका बाजूला जातो. बोल्ट कुठला आवळायचा?

आधी प्रश्न ९ मधली वळी आहे का बघा. दहातल्या सात वेळा तेच कारण असतं. मग चौकट पातळीत आहे का ते बघा, एक पाय मऊ मातीत रुतलेला असतो. मग माती मधोमध पडते का, ते. या तिन्हीनंतरच बोल्टला हात लावा: मागच्या ड्रमला बेल्ट ज्या बाजूला जातोय, त्याच बाजूचा ताण वाढवायचा. एका वेळी पाव फेरा, मग बेल्ट चार-पाच वेढे फिरू द्यायचा. एकदम दोन फेरे देणारा माणूस संध्याकाळपर्यंत डावा-उजवा करत बसतो.

१३. धोका कशाचा असतो? एवढंसं तर मशीन आहे.

एवढंसं आहे म्हणूनच. जेसीबीपासून माणूस आपोआप लांब राहतो, याच्यावर डबा ठेवून जेवतो.

एक प्रसंग आमचाच, आणि चूकही आमचीच. चिकट माती काढायला मागच्या ड्रमचं गार्ड काढलं होतं. जेवणानंतर घाईत तसंच सुरू केलं. भरणारा एक बिगारी वाकला, गळ्यातला गमछा बेल्ट आणि ड्रमच्या मध्ये गेला. स्विचवाला जागेवर होता, त्याने मशीन तातडीने बंद करायची दोरी ओढली. गमछा फाटला, मानेवर दोरखंडाने काचल्यासारखा लाल वळ उठला. तो माणूस उठून हसला, आमचे हात मात्र अर्धा तास थरथरत होते. तेव्हापासून गार्ड नसेल तर मोटर सुरूच होणार नाही असा स्विच प्रत्येक मशीनला बसवून घेतला.

बेल्ट जिथे ड्रमवर चढतो तो चिमटा सगळ्यात वाईट. तिथे गमछा, पदर, ओढणी, मोकळी बाही, हातातलं कडं काहीही चालत नाही. साडी नेसून काम करणाऱ्या बायका पदर खोचतात, तरी वाकल्यावर तो सुटतो. वरून शर्ट घालून पुढची बटणं लावायला सांगा. तातडीची दोरी पूर्ण लांबीभर हवी, फक्त मोटरपाशी नको. वर यायला बेल्टवर बसायचं नाही, शिडी वेगळी हवी. अडकलेलं काढायचं तर आधी प्लग काढून स्वतःच्या खिशात. चढावर भरलेला बेल्ट वीज गेल्यावर मागे फिरू शकतो, म्हणून ब्रेक किंवा मागे न फिरणारा गिअरबॉक्स आहे का हे भाड्याने घेताना विचारा. आमच्याकडे आहे, सगळीकडे नसतो.

खड्ड्याचं वेगळं. दीड मीटरपेक्षा खोल खणताना बाजूंना आधार द्यायचा, हे भारतीय मानक आयएस ३७६४ सांगतं. आणि कन्व्हेयरचे पाय काठाच्या टोकावर टेकवायचे नाहीत. बेल्ट चालू असताना चौकट सतत हादरते, आणि सुटा काठ ते फार काळ सोसत नाही.

१४. बोळ सामायिक आहे आणि गाडी रस्त्यावर उभी राहणार. कोणाला विचारावं लागेल?

सामायिक बोळ असेल तर शेजाऱ्यांना, तेही लेखी. तोंडी ‘हो हो, चालू द्या’ पहिल्या धुळीपर्यंतच टिकतं. कन्व्हेयरच्या बाजूने माणूस जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी लागते, रात्री मशीन भिंतीला लावून. रस्त्यावर किंवा फुटपाथवर कन्व्हेयरचं टोक येत असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत आधी जा. जड गाड्यांना शहरात कुठल्या वेळी बंदी आहे ते तिथेच कळेल, आणि दिवसाचं गणित (प्रश्न ४) त्या वेळांवरच बसवावं लागेल. रात्री काम करायचा मोह होतो, पण १० ते ६ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र धरली जाते आणि निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे. दगड टिपरच्या पत्र्यावर पडला की पूर्ण वाडा जागा होतो.

तारखा बघताना कॅलेंडरही बघा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत गाडीचा विचारच नको. गणपतीच्या आधी मांडव उभे राहतात, तेव्हापासून विसर्जनापर्यंत मध्यवस्तीतली मातीची कामं आम्ही घेत नाही.

१५. माती बाहेर न्यायला रॉयल्टी भरावी लागते का?

माती, मुरूम, दगड हे गौण खनिज, महसूल खात्याचा विषय. याबाबत पुण्याचाच एक खटला प्रसिद्ध आहे. इथल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असं म्हटलं की, खणलेल्या मातीचा वापर कशासाठी झाला हे न पाहता, केवळ पाया खणला म्हणून दंड लावता येणार नाही. म्हणून त्याच प्लॉटवर जोत्यात परत भरणं आणि माती गाडीत घालून दुसरीकडे नेणं, या दोन वेगळ्या गोष्टी धरा. बाहेर नेणार असाल तर पहिली गाडी भरायच्या आधी तहसील कार्यालयात जाऊन परवाना आणि महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक पास याची विचारणा करा. गाडी अडवली की ‘कन्व्हेयरवाल्याने सांगितलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

१६. माती बाहेर काढायची नाही, आत न्यायची आहे. जोतं भरायचंय. उलटा फिरवता येतो का?

मोटर उलटी फिरवायची गरज नाही, मशीनच उलटं ठेवायचं. हॉपर रस्त्यावर, तोंड जोत्यात. हे काम बाहेर काढण्यापेक्षा सोपं जातं, कारण चढ थोडा आणि मुरूम कोरडा. फक्त एकाच जागी ढीग होऊ देऊ नका. तोंड दर अर्ध्या तासाने हलवा, सहा-आठ इंचांचे थर पसरून पाणी मारून धुमसा. एका दमात तीन फूट टाकून वरून पाणी सोडलं तर दोन वर्षांनी फरशी बसते आणि शिव्या गवंड्याला पडतात.

गच्चीवरच्या बागेसाठी लाल माती चढवता येते का, असंही विचारतात. एक मजला, जागा असेल तर. त्यावर नाही. प्रश्न ५ मधलं गणित करून बघा. तिथे दोरी आणि कप्पी किंवा मटेरियल लिफ्टच बरी.

१७. खणताना जुना हौद किंवा भुयारासारखं काही लागलं तर?

थांबा. पेठांत हे कौतुक नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा भुयारी नळ जमिनीखालून येत होता, वाड्यावाड्यांत हौद आणि विहिरी होत्या. पोकळीवर कन्व्हेयरचा पाय किंवा मिनी मशीन आलं तर दोन्ही खाली जातील. आधी माणसं वर, मग इंजिनिअर, मग महापालिका. बुजवून टाकून ‘काही नव्हतंच’ म्हणणं सोपं वाटतं, पण तुमचाच पाया त्यावर उभा राहणार असतो. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. तिथे खणायचा प्रश्न कन्व्हेयरच्या बराच आधी सुटायला हवा.

१८. भाडं ठरवताना काय काय विचारून घ्यावं?

दिवस म्हणजे किती तास, हे पहिलं. मग वाहतूक आणि जोडणी धरून आहे का, माणूस आमचा की तुमचा, बेल्ट फाटला तर कोणाचा, पाऊस पडून दिवस गेला तर अर्धं भाडं की पूर्ण, आणि मशीन बंद पडलं तर बदली किती तासांत. सगळं चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्याकडे सळईने बेल्ट चिरला तर तुमचा खर्च, बेल्टचाच जोड उघडला तर आमचा.

१९. वर्षाला चार-पाच साइट असतात. विकतच घेऊ का?

साइट एकसारख्या असतील, गोडाऊन असेल आणि मशीन पुसून ठेवणारा एक तरी माणूस असेल तर घ्या. रबर उन्हात पडून तडकतो, आणि माती न काढता, ती अंगावर वाळू देऊन ठेवलेला कन्व्हेयर पुढच्या वेळी सुरू होत नाही. जुना घेणार असाल तर मालकाला बेल्ट रिकामा नको, भरून दाखवायला सांगा. परतीचे रोलर हाताने फिरवून बघा, त्यांतला कुठला अडकतोय का. आणि खाली वाकून बघा, डाव्या टोकाला काळी वळी आहे का.